वाळूचा हातगुण

मराकेश,
१ फेब्रुवारी १९६२

अल्लाल मामा,

सलाम. तब्येत विचारायची सोडून भांडायलाच बसतेय, राग मानू नका. आज गुरुवार, म्हणजे परीक्षेचा दिवस होता. माझ्यासमोर परात ठेवली, परातीत वाळू. मी एक्केचाळीस ओळी म्हटल्या. श्वास जिथे घ्यायचा तिथे घेतला, बोरूची काडी जशी फिरवायची तशी फिरवली. एका अक्षराची चूक नाही. आणि वाळू? ती आपली ढिम्म. एक कण हलला असता तरी मी शाळेला साखर वाटली असती.

शेख तुहामींनी नेहमीचंच सांगितलं, "शब्द आले पोरी, हातगुण नाही आला. थांब."

सात वर्षं झाली मामा, मी थांबतेच आहे. एकोणीस वर्षांची आले होते, आता सव्वीसची आहे. शब्द तीन वर्षांत पाठ झाले. उरलेली चार वर्षं मी शाळेतल्या बावीस माणसांचे मसूर निवडतेय. हातगुण कशाने येतो म्हणून विचारलं की शेख डोळे मिटतात. बाकीचे विद्यार्थी माझ्यासारखेच. एक तर दाढी पिकेपर्यंत थांबलाय बिचारा.

तुम्ही लिहिलंत की वाळूची टेकडी आता पाटापासून वीस पावलांवर आली. पाट बुजला की आपल्या सगळ्या गावाची खजुरीची बाग मेली, एवढं मलाही कळतं. पण मामा, मला एक सांगा. आपल्या तिनझरतचे वळव्ये, वाळू वळवणारे, तुम्ही. तुमचे वडील वळव्ये, त्यांचे वडील वळव्ये. तुमच्या शब्दाला वाळू पाठ फिरवते असं मी लहानपणापासून ऐकत आलेय. मग घोडं अडलंय कुठे? आणि तुम्हाला हातगुण आला कसा, ते तरी कळवा. इथे कुणी तोंड उघडत नाही.

तुमची भाची
यामना

---

तिनझरत,
१६ फेब्रुवारी १९६२

यामना पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून हसलो. तुझी आई अशीच होती, चहा गार झाला तरी आभाळाला जाब विचारायची.

टेकडी आता सोळा पावलांवर आहे. मी बासष्टचा झालो गं. गुडघे बोलतात. हात थकतो, शब्द म्हणताना दम लागतो. म्हणून तर तुला धाडलं. रोज सकाळी विहिरीवर लोक विचारतात, "अल्लाल, यामना कधी येते?" मी म्हणतो, खजूर उतरायच्या आत येते. तेव्हा माझी लाज राख.

शेखशी वाद घालू नकोस. मोठ्या माणसांच्या मनात कधी काय येईल सांगता येत नाही. सेवा कर, मसूर निवड, गोड बोल.

खालच्या गल्लीतली माणसं रोज टोपल्यांनी वाळू उपसतायत, मी झावळ्यांची कुंपणं बांधून घेतोय. आपल्या बागेत राबणाऱ्या झायदाची मुलगी मसऊदा, ती एकटी चौघांचं काम करते. ती तुला सलाम सांगते. विचारत होती की मराकेशच्या रोटीतसुद्धा वाळू लागते का?

हातगुण मला वडिलांकडून आला, त्यांच्या शेवटच्या दुखण्यात. ते आठवलं की बरं वाटत नाही. पत्रात कशाला ते.

तुझा
अल्लाल मामा

---

मराकेश,
८ मार्च १९६२

मामा,

शेख तुहामी परवा गेले. देव त्यांना माफ करो, मी अजून केलेलं नाही.

शेवटची घटका आली तेव्हा आम्हा सगळ्यांना खोलीत बोलावलं. मनात म्हटलं, आली वेळ. तो पिकल्या दाढीचा तर रडायलाच लागला होता. आणि मग दारातून कोण आलं माहितीये? शेखचा पुतण्या. कापडाचं दुकान आहे त्याचं. त्याला एक्केचाळीसपैकी एक ओळ येत नाही! शेखनी एक खजूर तोंडात घातला, दात नव्हते तरी हिरड्यांनी चघळला, आणि बोटावर घेऊन त्या पुतण्याच्या जिभेवर चोळला. झालं. एवढंच. पुतण्या तोंड वाकडं करत होता.

कोपऱ्यात माझी परात पडली होती. पुतण्यानं नुसता पाय उचलला आणि परातीतली वाळू त्याच्यापासून सरकून काठाला जाऊन बसली. सात वर्षं, मामा! सात वर्षं मी त्या वाळूशी बोलतेय, आणि ती त्या कापडवाल्याला घाबरते!

मग सगळं बाहेर आलं. शेखच्या बायकोनं सांगितलं. हातगुण शिकून येत नाही. ज्याच्याकडे आहे त्यानं चघळलेला खजूर तोंडात द्यायचा, की तो देणाऱ्याकडून जातो आणि घेणाऱ्याकडे येतो. दोघांकडे एकदम राहत नाही. म्हणून कुणी जिवंतपणी देत नाही, आणि मरताना घरातल्यालाच देतात. शब्द मात्र कुणीही शिकावेत. आमच्या सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसली.

आता तुम्हाला विचारते, आणि सरळ उत्तर द्या. तुमच्याकडे हातगुण आहे. मला शब्द येतात. एक खजूर, मामा. एक खजूर चघळायला तुमचे किती दात लागणार होते? मला सात वर्षं इथे कशाला सडवलंत?

यामना

---

तिनझरत,
२४ मार्च १९६२

यामना,

शेख गेल्याचं वाचून वाईट वाटलं. मोठा माणूस होता.

तू लिहितेस तितकं ते सोपं नाही. गाव काय म्हणेल याचा विचार कर. घरातल्या घरात बाईमाणसाला विद्या दिली म्हणतील. मराकेशच्या शाळेतून परवाना घेऊन आलीस की कुणी बोट दाखवणार नाही. तो पुतण्या आता शेख झालाच आहे, तर त्याला शब्द शिकव. त्याला तुझी गरज आहे. कदाचित म्हातारपणी तुलाच देईल.

टेकडी अकरा पावलांवर आहे. काल वाऱ्यात दोन कुंपणं आडवी झाली. खालच्या गल्लीच्या लोकांनी पहाटेपासून ऐंशी टोपल्या काढल्या. मी बोरू घेऊन टेकडीला फेरी मारली, शब्द म्हटले. लोकांना धीर येतो.

इकडे येऊ नकोस. धूळ फार आहे.

अल्लाल

---

मराकेश,
२ एप्रिल १९६२

मामा,

त्याच्या म्हातारपणी! तो चौतीसचा आहे, मी सव्वीसची. तुम्ही हे लिहिताना पुढ्यात आरसा ठेवला होता का?

मी शाळा सोडली. पुतण्याला सांगितलं, तुमचे मसूर तुम्हीच निवडा. गेले दहा दिवस एका शिंपिणीकडे राहतेय.

मला कळतं सगळं. मी बाई आहे म्हणून तुम्ही देत नाही. मला दूर ठेवलंत, म्हणजे तुमच्या जिवाला टोचणी नको आणि गावाला आशा राहावी. परवाना! वाळूला परवाना वाचता येतो का? तुमचे गुडघे बोलतात म्हणे. हात थकतो म्हणे. मग हात सोडा ना! पाट बुजेल, बाग मरेल, झायदासारखी माणसं घर उचलून शहरात भीक मागत फिरतील, तरी तुम्ही तो हातगुण कवटाळून बसणार?

या महिनाअखेरीच्या बसने येतेय. खजूर तयार ठेवा. तुमच्या दारात तोंड उघडून बसेन, सगळं गाव बघेल. मग देताय की नाही ते बघू.

यामना

---

तिनझरत,
१४ एप्रिल १९६२

यामना,

हे पत्र वाचून जाळ. नाहीतर नको जाळू, आता काय उरलंय.

माझ्याकडे हातगुण नाही. एकोणीस वर्षं झाली.

तुला माहीत आहे, आपल्याकडे बाळ जन्मलं की कुणी मोठं माणूस खजूर चघळून त्याच्या जिभेवर चोळतं. सगळ्या गावात एकट्या वळव्याला ते करता येत नाही. का, ते आता तुला कळलंय. वडिलांनी मला पहिली शिकवण हीच दिली होती. कुणी बाळ घेऊन आलं की मी काहीतरी सबब सांगून निसटायचो. दाढ दुखते म्हणायचो. सगळ्या गावाला वाटतं माझ्या दाढा कायमच्या किडलेल्या.

त्या साली खजूर उतरवत होतो. झायदा झाडाखाली टोपल्या भरत होती, पोट तोंडापर्यंत आलेलं. तिथेच बाळंत झाली. जवळ मी आणि एक गाढव. पोर निळं पडलेलं, रडेना. माझ्या तोंडात खजूर होता, उतरवताना खातोच ना आपण. मी विद्या विसरलो, बाप विसरलो. ते निळं पोर तेवढं दिसलं. बोट तोंडात घातलं आणि तिच्या जिभेवर चोळलं. ती रडली. काय रडली! मग मी मान वळवली तर टेकडी माझ्याकडे बघत होती. तोवर ती कधी माझ्याकडे बघत नसे.

ती मसऊदा. खालच्या गल्लीत वारं कसंही वाहो, तिच्या अंगणात वाळूचा कण बसत नाही. लोक म्हणतात, पोरगी झाडते छान.

कुणाला सांगणार होतो? सांगितलं असतं तर पंच हसले असते, नाहीतर तिला फरफटत आणून तिच्या तोंडातून काढून घेतलं असतं. वळव्या म्हणून मला बागेतून दहावा घड मिळतो, मशिदीत पहिली ओळ मिळते. ते सोडवलं नाही. कुंपणं बांधत राहिलो, बोरू घेऊन फिरत राहिलो. तुला मराकेशला पाठवलं, म्हटलं शेखकडून दुसरा हातगुण आला तर माझी चोरी झाकेल. मला वाटलं होतं, एवढी हुशार पोरगी, देईल कुणीतरी.

आता ऐक. टेकडी सहा पावलांवर आहे. तू येशील तेव्हा गालाला फडकं बांध. दाढ सुजली म्हण. मसऊदाला म्हण, चावता येत नाही, जरा खजूर चघळून दे. आजाऱ्याला आपण सगळेच देतो, ती नाही म्हणणार नाही. पोरगी मनाची मोठी आहे. तिला कळणारही नाही काय गेलं ते. तिला शब्द कुठे येतात? तिला त्याचा उपयोग काय? तुला सात वर्षांचं फळ मिळेल, घरातली विद्या घरात येईल.

माझ्याच्याने तुझ्या तोंडाकडे बघवणार नाही. झागोऱ्याला लेकीकडे जातोय. किल्ली कोनाड्यात आहे.

अल्लाल

---

तिनझरत,
५ मे १९६२

मामा,

गालाला फडकं बांधलं. हो, बांधलं. तुमचं पत्र वाचून सगळ्या रस्त्यानं तुम्हाला शिव्या दिल्या, आणि गाव दिसायला लागल्यावर पिशवीतून फडकं काढून बांधलं. तेव्हा मी तुमच्याहून वेगळी आहे असं समजू नका.

मसऊदाच्या अंगणात गेले. पाटाला जेमतेम धार, टेकडीचं टोक काठावर आलेलं, आणि तिचं अंगण मात्र लख्ख. ती धावत आली. "लाल्ला यामना! केवढ्या वाळलात हो! मराकेशात जेवायला देत नाहीत का?" मला सावलीत बसवलं, पुदिन्याचा चहा ठेवला, माझ्या गालावरून हात फिरवला. मी म्हटलं, चावता येत नाही. पुढचं मला बोलावंही लागलं नाही. तिनं आपणहून चांगला मऊ खजूर निवडला, बी काढली, चघळला, आणि बोटावर घेऊन माझ्या तोंडाशी आणला. "आ करा."

मी आ केला होता, मामा. तिचं बोट माझ्या ओठाशी होतं. सात वर्षं एका खजुराच्या अंतरावर.

मग मी तोंड मिटलं आणि रडायला लागले. ती म्हणाली, "एवढी दुखते का?" मी फडकं सोडलं आणि सगळं सांगितलं. तुमचं, माझं, तिच्या जन्माचं, शेखचं. दाढेचं खोटंही सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. तो खजूर तिच्या बोटावर तसाच होता. तो तिनं स्वतःच गिळला. मग उठली. मला वाटलं मारणार.

"मी सहा वर्षांची असल्यापासून तुमची वाळू वाहतेय," ती म्हणाली. "आईच्या पाठीचं काय झालंय बघितलंस? ती घरात वाकूनच चालते आता. आणि एका शब्दानं ती वाळू हलली असती? माझ्या शब्दानं? आणि तुझ्या मामाला ठाऊक होतं?"

मी म्हटलं, हो.

"रोज सकाळी माझ्या डोक्यावर टोपली ठेवायला हात लावायचा तो! शाब्बास पोरी म्हणायचा!"

तिनं मला हाकललं. आज नऊ दिवस झाले, ती दार उघडत नाही. खालच्या गल्लीनं उपसा बंद केलाय. परवा वारा सुटला आणि टेकडी पाटावर चढली. तेव्हापासून बागेला पाणी नाही. पंच माझ्या दारात येऊन ओरडतात, "तू शिकून आलीस ना? मग वळव!" मी कुणाला काय दाखवू, परात?

यामना

---

झागोरा,
१२ मे १९६२

यामना,

अगं वेडे! तोंडाशी आलेला घास सोडलास? मिटायचं होतं तर घास घेऊन मिटायचं! तिला गोड बोलून नंतर सगळं सांगता आलं असतं. आधी टेकडी वळवायची, मग काय पस्तावायचं ते पस्तावायचं. आता बाग गेली तर कुणाचा प्रामाणिकपणा शिजवून खायचा?

मला इथे झोप नाही. लेक विचारते काय झालं, मी म्हणतो दाढ.

तिच्या पाया पड. काय मागेल ते दे. ती काही म्हणाली का माझ्याबद्दल?

अल्लाल

---

तिनझरत,
२९ मे १९६२

मामा,

तुमचं पत्र येण्याआधीच मसऊदा आली होती. अंगणात उभी राहून म्हणाली, "शिकव. तुझ्यासाठी नाही. बाग मेली तर आमचीही चूल बंद. आणि आता तुला मानानं लाल्ला म्हणणार नाही."

शिकवायला बसले. तुम्हाला गंमत सांगू? मला तीन वर्षं लागली त्या ओळी तिनं चार दिवसांत पाठ केल्या. टोपल्या वाहताना गाणी म्हणतात ना त्या सगळ्या, तसल्याच चालीत तिनं बसवल्या. माझं डोकं फिरलं. मी उगाच चुका काढायला लागले. "श्वास इथे घे, तिथे नाही." ती म्हणाली, "वाळू हलते का बघ, श्वास कशाला मोजतेस?" वाळू हलत होती, मामा. ती बसल्या जागी गुणगुणायची आणि भोवतीची जमीन मागे सरकायची. मी उठून आत गेले, भिंतीला डोकं लावून उभी राहिले. मत्सर वाटला, साफ सांगते. अजून वाटतो.

पाचव्या दिवशी शेवटच्या ओळीवर आलो. तुम्हाला ती ओळ माहीत आहे. टेकडी नुसती वळत नाही, तिला जागा सांगावी लागते. वाऱ्याच्या तोंडावर ती परत जात नाही, तेव्हा एक तर डावीकडे, नाहीतर उजवीकडे. शाळेत ती जागा मोकळी सोडतात, ज्यानं त्यानं आपल्या गावची घालायची. आपल्या घराची ओळ मी तुमच्या मांडीवर शिकले होते. तेव्हा अर्थ कुणाला कळत होता. मी म्हणायला तोंड उघडलं आणि गप्प झाले.

"काय गं? पुढचं म्हण."

मी म्हटलं. 'जा, आणि खालच्या गल्लीच्या दारी बस.'

झायदा तिथेच भिंतीला टेकून मसूर निवडत होती, तिनंही ऐकलं. झायदाच म्हणाली, "म्हणजे आम्ही उपसायचो ती वाळू तुमच्या घरानं पाठवलेली होती? पिढ्यान् पिढ्या?" आणि हसली. मला ते हसणं ऐकवेना.

मामा, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही स्वतः म्हटलंत ते, हातगुण होता तोवर. याबद्दल तुमच्या पत्रात एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं गाव पाटावर जमलं. पंचांना कळल्यावर त्यांनी आधी गोंधळ घातला, खालच्या गल्लीतली पोर वळव्या कशी होईल म्हणून. मसऊदा म्हणाली, "बरं, मग तुम्ही वळवा," आणि खाली बसली. मग पंच मागे सरले. ती उठली, बोरू नको म्हणाली, हातानंच खूण करत टेकडीला फेरी मारली. चाळीस ओळी म्हटल्या. टेकडी कुत्र्यानं अंग झाडावं तशी थरथरली. मग मसऊदा थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "डावीकडे आमची गल्ली. उजवीकडे तुमचं घर. जागा तू सांग. मी सांगितली तर लोक सूड म्हणतील."

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. आईचं लग्न त्या घरात झालं, मामी त्या घरात गेली. तुमची बैठक, ते निळं दार, वरच्या मजल्यावरची हवा. पंच ओरडत होते, "पोरी, शुद्धीवर ये!" तुमच्यावरचा राग होता, माझ्यावरचाही होता, आणि मला सोडून दुसरीला वश झालेल्या त्या वाळूवरचाही. पण मी रागानं नाही सांगितलं, एवढं खरं माना.

मी म्हटलं, "जा, आणि अल्लालच्या दारी बस."

मसऊदानं ती ओळ तशीच टेकडीला सांगितली. संध्याकाळपर्यंत पाटाला पाणी आलं. बाग वाचली. घर खिडक्यांपर्यंत गेलं आहे, खजूर उतरेपर्यंत छतही दिसणार नाही. तुमचे कपडे, गालिचा आणि मामीची पेटी मी वेळेत बाहेर काढली. ते सगळं मसऊदाच्या अंगणात आहे. मीही तिथेच राहतेय. रोज एकदा भांडतो.

तुम्ही विचारलंत, ती तुमच्याबद्दल काही म्हणाली का. म्हणाली. "त्याला लिही, आमच्याकडे मागची खोली रिकामी आहे. त्यानं यावं. मी निळी पडले होते तेव्हा तो होता, ते मी विसरणार नाही. पण दार त्यानं वाजवायचं, आणि आईसमोर बसून त्या ओळीचं त्यानं स्वतः सांगायचं."

झागोऱ्याची बस गुरुवारी सुटते. या. तिथे मी तुमच्या वतीनं एक शब्द बोलणार नाही.

यामना